‘सुगम’चा घोळ, ‘सहज’ची दुरुस्ती: ट्रकचालकांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या पांढरकवड्यातील एका कार्यालयाचा अनुभव

माझे पती ट्रकचालक आहेत आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पगाराची पावती कशी वाचायची हे नोकरीमुळे मला थोडेफार कळते, असा माझा समज होता. पण माझी पावती आणि त्यांची पावती शेजारीशेजारी ठेवली, तेव्हा व्यवसाय करापोटी कापलेले २०० रुपये सोडले तर दोहोंत ओळखीचे काहीच सापडले नाही. गेल्या दिवाळीनंतर, कापूस घरात येण्याच्या दिवसांत, या पावतीपायी आम्हाला पांढरकवड्यातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयाच्या तीन फेऱ्या कराव्या लागल्या. राष्ट्रीय महामार्ग ४४ मुळे आमच्या केळापूर तालुक्यात जवळजवळ प्रत्येक गावात चार-दोन चालक आहेतच, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मात्र देत नाही, कारण त्याच्याविषयी काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

घोळाची सुरुवात दुसऱ्याच ठिकाणी झाली. घरावर एक खोली चढवण्यासाठी आम्ही कर्ज मागितले आणि बँकेने दोघांचीही प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली. पतींचे विवरणपत्र जुलै २०२५ मध्ये ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात ३०० रुपये देऊन भरलेले होते. दुकानदाराने व्यवसाय विचारला, यांनी ‘ट्रक ड्रायव्हर’ असे सांगितले, आणि त्याने आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’ नावाचा नमुना उघडून कलम ४४एई खाली एक गाडी, १२ महिने, महिन्याला ७,५०० रुपये, असे वर्षाचे ९०,००० रुपये उत्पन्न दाखवून टाकले. वास्तविक ते कलम मालवाहू गाडीच्या मालकासाठी आहे. ज्याच्याकडे वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसतात, त्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक दराने नफा जाहीर करण्याची ती सवलत आहे. पगारावर गाडी चालवणाऱ्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. त्यातही ७,५०० रुपयांचा दर १२ टनांपर्यंतच्या गाडीचा. हे चालवतात ती चौदा चाकी गाडी मालासह ४२ टनांची आहे, आणि अवजड गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये धरावे लागतात. म्हणजे ती गाडी खरोखरच आमची असती, तर उत्पन्न ५,०४,००० रुपये दाखवावे लागले असते. नसलेल्या गाडीचे उत्पन्न, तेही चुकीच्या दराने! बँकेच्या अधिकाऱ्याने पासबुकात दरमहा जमा होणारा पगार पाहिला, विवरणपत्रातली गाडी पाहिली आणि शांतपणे आरसी बुक मागितले, तेव्हा हा सगळा प्रकार आमच्या ध्यानात आला.

पांढरकवड्यातील या कार्यालयाचा पत्ता आम्हाला वणीकडच्या एका चालकाने दिला. गल्लीतल्या दोन खोल्या, भिंतीलगत लोखंडी बाक, टेबलावर दोन संगणक आणि मागे पुठ्ठ्याच्या फाइलींची रास, एवढाच त्याचा थाट आहे. मात्र ते सकाळी ७ वाजता उघडते आणि रविवारीही सुरू असते, कारण इथे येणारा माणूस गाडी रस्त्यालगत उभी करून, क्लीनरला गाडीत बसवून आलेला असतो आणि त्याच्याकडे जास्तीत जास्त अर्धा तास असतो. सल्लागार स्वतः काही वर्षे एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हिशेबनीस होते, त्यामुळे बिल्टी, काटा पावती, उचल, खुराकी हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. आम्ही बसल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, गाडी कोणाच्या नावानं आहे?” हाच प्रश्न त्या दुकानात कोणी विचारला असता, तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

दुरुस्तीचे काम त्यांनी नीट केले. मूळ विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्यामुळे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येत होते, आणि त्यात नमुना बदलून आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’, घेता येत होता. कंपनीने फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला, दिलेला नव्हता. कर कापलाच नाही, तर फॉर्म कशाचा, असे उत्तर तिथून आले होते. त्यांनी त्यावर वाद न घालता १२ महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा यांचा मेळ घातला. वर्षाचा पगार भत्त्यासकट ३,००,००० रुपये, नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर उरले २,२५,००० रुपये, आणि त्यावर कर शून्य. शेवटची पायरी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची होती. तो आला तेव्हा हे तेलंगणात निर्मलजवळच्या एका ढाब्यावर जेवत होते. मागच्या गाड्यांच्या भोंग्यांमध्ये सहा आकडे तीन वेळा ओरडून सांगावे लागले. सल्लागार तोवर दुसरे काम हाती न घेता थांबले. एकूण खर्च आला ६०० रुपये.

इथवरचे काम कोणताही जाणकार करील. हे कार्यालय मला वेगळे वाटले ते त्यानंतर. विवरणपत्र संपल्यावर त्यांनी ऑक्टोबरची पगाराची पावती पुढे ओढली आणि “ही कोणी वाचून दाखवली का कधी?” असे विचारले. त्या पावतीचे वर्णन केले पाहिजे. हाताच्या पंजाएवढा कागद, चार घड्या पडलेला, सूर्यझडपेच्या मागे खोचून ठेवल्यामुळे एका बाजूने पिवळा आणि डिझेलच्या वासाचा. त्यावर मूळ वेतन १३,०००, मार्गभत्ता १२,०००, एकूण २५,०००. आणि कपातीत भविष्य निर्वाह निधी १,५६०, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) ९८, व्यवसाय कर २००, उचल ३,०००, आणि शेवटी ‘अदर डेड.’ २,१४०. हातात आले १८,००२. डिडक्शन हा शब्द कागदात मावेना म्हणून कोणी तरी त्याचा ‘डेड’ केला होता. सातवीतल्या माझ्या मुलाने ती पावती पाहून “दुसरे कोण मेले?” असे विचारले होते, आणि आम्हा दोघांनाही त्याला उत्तर देता आले नव्हते.

आधी भत्त्याविषयी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने पगाराची ही विभागणी केली, तेव्हा चालकांना असे सांगण्यात आले होते की भत्ता करमुक्त असतो, तेव्हा यात तुमचाच फायदा आहे. हे अर्धे खरे आहे. वाहतूक व्यवसायातील कर्मचाऱ्याला गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना स्वतःच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याचा ७० टक्के भाग किंवा महिन्याला १०,००० रुपये (ही मर्यादा २०२५-२६ ची), यांपैकी कमी असेल ती रक्कम करमुक्त धरतात, पण त्याला वेगळा दैनिक भत्ता मिळत नसेल तरच, आणि तीही फक्त जुन्या करप्रणालीत. आमच्या १२,००० वर ही सूट ८,४०० रुपयांची होते. याउलट कामाच्या नेहमीच्या ठिकाणापासून दूर असताना रोजच्या खर्चासाठी मिळणारा दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरता दोन्ही प्रणालींत करमुक्त असतो. हे सगळे त्यांनी समजावून सांगितले आणि मग म्हणाले, “पण ताई, जिथं करच लागत नाही, तिथं करमुक्त काय अन्‌ करपात्र काय?” २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंत. आमच्या भागातल्या कोणत्या चालकाचा पगार त्याच्या जवळपास जातो? ज्या फायद्याच्या नावाखाली पगाराचे दोन तुकडे केले, तो फायदा शून्य रुपयांचा आहे, हे दोन वर्षांनी आम्हाला पहिल्यांदा कोणी तरी सांगितले.

यांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता. गाडी रिकामी होण्याची वाट पाहताना चालक मंडळी अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या पंजाबी मुलांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहत असतात. तेव्हा हे म्हणाले, “त्या पोरायले दिवसाचे ऐंशी डॉलर बिनटॅक्सचे भेटते म्हंते, मंग आमच्याच भत्त्यानं काय घोडं मारलं?” सल्लागारांना हा प्रश्न नवा नसावा, कारण त्यांनी हसत खुर्ची पुढे घेतली. तिथल्या करखात्याने वाहतूक व्यवसायासाठी ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत प्रवासाला दिवसाचा ८० डॉलरचा दर मानला आहे, हे खरे आहे. पण स्वतःची गाडी चालवणाऱ्या मालक-चालकाला त्यातली ८० टक्केच रक्कम वजा करता येते, आणि पगारी चालकाला २०१८ पासून आपल्या विवरणपत्रात अशी वजावट मागताच येत नाही. त्याला जे मिळते ते कंपनीने नियमानुसार वेगळा भत्ता दिला तरच. शिवाय जितका पगार त्या भत्त्यात जातो, तितका तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या हिशेबातून वगळला जातो, म्हणजे म्हातारपणीचे पैसे कमी होतात आणि कर्ज मागायला गेल्यावर कागदावरचे उत्पन्नही कमी दिसते. तिथे निदान कर तरी वाचतो. आपल्याकडे तोटा तेवढा आला आणि फायदा आलाच नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा तोटा किती, हे त्यांनी एका कोऱ्या कागदावर मांडून दाखवले. निर्वाह निधीची वर्गणी मूळ वेतनाच्या १२ टक्के असते आणि सक्तीच्या वर्गणीसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपयांची आहे. मूळ वेतन १५,००० असते, तर यांचे १,८०० रुपये कापले गेले असते आणि कंपनीलाही तेवढेच भरावे लागले असते. १३,००० मुळे दोघांचेही २४० रुपये कमी पडतात. महिन्याला २४० ही रक्कम डोळ्यात भरत नाही, हे मला मान्य आहे. पण निधीशी जोडलेले निवृत्तिवेतन काढताना हेच वेतन सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात; १४ वर्षांच्या सेवेला १३,००० वर २,६०० रुपये होतात आणि १५,००० वर ३,०००. त्याहून महत्त्वाची गोष्ट विम्याची आहे, आणि ती ऐकताना मी यांच्याकडे पाहिले नाही. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यास निधीशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसांना सरासरी मासिक वेतनाच्या ३५ पट रक्कम आणि निधीतील शिलकेच्या निम्मी, पण जास्तीत जास्त १,७५,००० रुपयांची भर, असे एकूण ७ लाखांपर्यंत पैसे मिळतात. १३,००० ची ३५ पट ४,५५,००० होते आणि १५,००० ची ५,२५,०००. रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाच्या घरी हा ७०,००० रुपयांचा फरक मोठा आहे.

हे ऐकून मी लगेच म्हणाले की मग भत्ता नकोच, पूर्ण २५,००० मूळ वेतन करून द्या, असा अर्ज कंपनीला करू. त्यांनी मला थांबवले. ईएसआयसीची वेतनमर्यादा २१,००० रुपयांची आहे. कंपनी मार्गभत्ता प्रवासखर्च समजून त्या हिशेबात धरत नाही, म्हणून यांचे वेतन १३,००० मानले जाते आणि त्याच्या ०.७५ टक्के, म्हणजे ९८ रुपये, कापून घरातल्या सर्वांना औषधपाणी मिळते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आणि कामावरच्या अपघातात तात्पुरते अपंगत्व आल्यास ९० टक्के मिळतात. सगळाच पगार मूळ वेतनात घातला, तर यांतले काहीही राहणार नाही. तेव्हा १५,००० आणि १०,००० अशी विभागणी मागा, हातात २५५ रुपये कमी येतील, पण निधी, निवृत्तिवेतन, विमा आणि ईएसआयसी चारही जागच्या जागी राहतील, असा त्यांनी सल्ला दिला. एखादा अर्धवट जाणकार मला हवा तसा अर्ज लिहून देऊन मोकळा झाला असता. या एका सल्ल्यासाठी मी त्यांची २०० रुपये फी आनंदाने दिली.

मार्गभत्ता खरोखर मार्गभत्ता आहे का, हा प्रश्नही त्यांनी काढला. मागच्या पावसाळ्यात गिअरबॉक्स गेल्यामुळे गाडी ११ दिवस उभी होती आणि त्या महिन्यातही भत्ता पूर्ण १२,००० च आला होता. सर्वांना सरसकट आणि नेहमी मिळणारी रक्कम निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. आमचे १३,००० हे २५,००० च्या ५२ टक्के होतात. दोन वर्षांपूर्वीच ही रेघ नेमकी निम्म्याच्या किंचित वर कशी ओढली गेली, यावर ते काही बोलले नाहीत, फक्त आकड्याखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली.

आता त्या ‘डेड’विषयी. २,१४० रुपये डिझेलच्या तुटीचे होते, हे यांना ठाऊक होते; कोणत्या खेपेचे, किती लिटरचे, हे ठाऊक नव्हते. कंपनी लिटरमागे किलोमीटरचा एक आकडा ठरवते आणि त्याहून जास्त डिझेल लागले की फरक चालकाच्या पगारातून जातो. मुकुटबनकडून सिमेंट भरून हैदराबादेकडे जाताना रस्त्याची कामे, घाट, वजनकाट्यावरची रांग, माल उतरेपर्यंत सुरू राहिलेले इंजिन, यांपैकी कशाचाच त्या आकड्यात विचार नसतो. सल्लागारांनी सांगितले की ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान चालकाच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल तरच ते कापता येते, कापण्याआधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापुढे जाऊ शकत नाहीत; १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही हेच होते आणि नव्या संहितेतही हेच आहे. भांडू नका, पण प्रत्येक महिन्याला खेपेचा क्रमांक, तारीख आणि लिटर लेखी मागा, असे ते म्हणाले. यांनी त्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून निळ्या पुठ्ठ्याची वही घेतली. तिच्यात आता प्रत्येक खेपेचे निघतानाचे आणि पोचल्याचे किलोमीटर, पंपावरचे लिटर आणि काट्यावर थांबलेले तास लिहिलेले असतात. नोव्हेंबरच्या पावतीवर खेपेचा क्रमांक आला आणि रक्कम ८६० रुपयांवर आली. ऑक्टोबरचे पैसे परत मिळाले नाहीत. १५,००० च्या अर्जावर ‘नव्या आर्थिक वर्षात पाहू’ असे तोंडी उत्तर आहे.

तक्रारींकडे वळते. पहिली तक्रार वेळेची: जुलैत इथे दारापर्यंत रांग असते असे बाकावरचे लोक सांगत होते, आणि नोव्हेंबरातही आम्हाला पहिल्या खेपेला दीड तास बसावे लागले. दुसरी, पैशांची पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. कर सल्लागाराच्या दारात हे शोभत नाही. तिसरी, कंपनीला द्यायचा अर्ज ते लिहून देत नाहीत, मुद्दे सांगतात आणि सोडून देतात. त्यामागचे त्यांचे कारण मी समजू शकते, कारण कंपन्यांचे हिशेबनीसही त्यांच्याकडे येतात, पण ज्याला लिहिता येत नाही त्या चालकाने काय करावे? चौथी तक्रार सर्वांत गंभीर आहे. इथला मदतनीस आधार आणि पॅनची छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलवर मागवतो, आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचे सर्वांचे पासवर्ड एका लांबट वहीत नावापुढे लिहून ठेवलेले आहेत. ती वही टेबलावर उघडी होती आणि मला शेजारच्या तीन माणसांचे पासवर्ड बसल्या जागेवरून वाचता आले. यामुळे मी या कार्यालयाला पाचपैकी चारच गुण देते.

कर्ज जानेवारीत मंजूर झाले. तिसऱ्या फेरीत कागद घेतल्यावर तिथेच पायरीवर उभे राहून आम्ही पासवर्ड बदलला आणि आत जाऊन तसे त्यांना सांगितले. त्यांनी वही ओढली, आमच्या नावाची ओळ पट्टी लावून खोडली, आणि मदतनिसाला वही कपाटात ठेवायला सांगितली.